मुद्दाम चुकणाऱ्या बाई

बाई चुकायच्या. वय झालं म्हणून नव्हे की घाई होती म्हणून नव्हे. ठरवून, तालीम करून, कॅमेऱ्यासमोर चुकायच्या. एखाद्या वेळी चूक मनासारखी वठली नाही तर कॅमेऱ्यावरच्या पोराला थांबवून म्हणायच्या, "परत घे रे. ही चूक खरी नाही वाटली." अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात झाडून सगळे जण आपण कसे बरोबर आहोत हे दाखवण्यात दिवस घालवत. तिथे चुकण्यासाठी नेमलेली ही एकच बाई. पोरं त्यांना पाठीमागे 'मिस्टेक मॅडम' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

आमची कंपनी मोबाईलवर शिकायचे अभ्यासक्रम बनवते. मी तिथे पाठ लिहायची. मोठ्या माणसांना शिकवणं म्हणजे लहान मुलांचाच धडा जरा जाड आवाजात वाचून दाखवणं, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. मग आमच्याकडे ब्युरोचं काम आलं. घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची देखभाल करायला बायका पाठवणाऱ्या ज्या एजन्सी असतात, त्यांना आपल्याकडे ब्युरोच म्हणतात. त्या बायकांसाठी कोर्स हवा होता. चाळिशी-पन्नाशीच्या बायका, कोणी चौथी शिकलेली, कोणी सातवी, हातात मुलाने टाकून दिलेला फोन. अशांना शिकवण्याचा अनुभव असलेलं कोणीतरी हवं, म्हणून बाईंना बोलावलं. घाटकोपरच्या एका रात्रशाळेत उभी हयात घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

मुलाखतीला आल्या त्या मुलुंडहून रिक्षा बदलत, घामाघूम होऊन, आणि आल्या आल्या त्यांनीच मुलाखत घेतली. समीर हा आमचा साहेब. वय कमी, बोलणं गोड, अंगात टीशर्ट. त्याने मोठ्या कौतुकाने आमचा एक तयार पाठ दाखवला. पाठ संपला तेव्हा पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि टाळ्या वाजल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"हे कोणासाठी आहे?"

"अडल्ट लर्नर्ससाठी, मॅडम."

"मग फुगे का उडतायत? कोणाचा वाढदिवस आहे?"

समीर हसला. त्याला वाटलं, बाई विनोदी आहेत. बाई अजिबात विनोदी नव्हत्या. "तीन पोरं वाढवलेल्या बाईला तू फुगे दाखवतोस. तिला कळत नाही का, आपल्याला कोण काय समजतंय ते?" असं म्हणून त्या पाणी मागायला उठल्या. त्यांना घेतलं, ते समीरच्या चांगुलपणामुळे. हे मला त्याच्याबद्दल लिहिताना मान्य करायला हवं. पुढे जे झालं त्यानंतर ते मान्य करणं मला जड जातं.

माझी पाळी दुसऱ्याच दिवशी आली. माझ्या पहिल्या पाठाचं पहिलं वाक्य होतं, 'या पाठाच्या अखेरीस आपण रुग्णाला सुरक्षितपणे अन्न देण्यास सक्षम व्हाल.' बाईंनी ते मोठ्याने वाचलं, मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोण बोलतं गं असं? तुझ्या घरी बोलतं कोणी?"

"नाही."

"मग दुसऱ्याच्या घरात शिरून तू का बोलतेस?"

मी मराठी घेऊन एमए केलेली. मला राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि तो आठवडा त्यांनी माझ्याच डब्यातली भाजी खाऊन काढला. राग-रुसवा हा प्रकार त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. चुकून कोणाला लागेलसं बोलल्या तरी माफी मागायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या माणसासाठी घरून थालीपीठ यायचं, तेही "उरलं होतं" असं सांगून.

मुद्दाम चुकण्याची रीत त्यांनी रात्रशाळेत उचलली होती. तिथला एक माणूस, दिवसभर बाजारात हमाली करायचा, वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि तोंड म्हणून उघडायचा नाही. एकदा बाईंनी फळ्यावर गणित चुकवलं, खरोखरच चुकवलं, आणि हा गडी उभा राहून म्हणाला, "बाई, हातचा एक राहिला." त्यानंतर त्याने वर्ग बुडवला नाही. "त्या दिवसापासून मी रोज एक चूक डब्यासारखी घरून घेऊन जायला लागले," बाई सांगायच्या. "मोठ्या माणसाला आपल्याला येत नाही याची लाज वाटते रे. त्याला आधी तुमची चूक काढू दे. त्याचा मान राहतो. मग तो ऐकतो."

पण कुठलीही चूक त्यांना चालत नसे. आमच्या एका लेखकाने लिहून आणलं होतं की बाई रुग्णाला औषधाऐवजी फिनेल देते. बाईंनी तो कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. "मूर्ख चूक दाखवलीस की बघणारी हसणार आणि सुटणार. मी नाही बाबा अशी, म्हणणार. चांगल्या बाईच्या हातून होणारी चूक शोधून आण." आणि मग ते वाक्य, जे मी तेव्हा वहीत लिहिलं नाही आणि तरी विसरले नाही: "प्रेमाने केलेली चूक कोणी पकडत नाही. तीच पकडायला शिकवायचं आपण."

प्रत्येक पाठ त्या घरी स्वयंपाक करताना बघायच्या. मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि कणिक मळायची. आमचा कोर्स घेणाऱ्या बायका याहून वेगळ्या कुठे बसणार होत्या? पाठ सुरू असताना मध्येच मला फोन यायचा. "हाताला कणिक आहे माझ्या. तो म्हणतोय, पुढे जाण्यासाठी बटण दाबा. कशाने दाबू, नाकाने?" आम्ही बटणं काढली. "मागे कुकर चालू आहे आणि तुमच्या त्या बासरीपुढे मला एक शब्द ऐकू येत नाही." आम्ही संगीत काढलं. समीर म्हणायचा, "यार, ही बाई आपल्या कोर्समधलं सगळं काढूनच टाकणार." त्याच्या बोलण्यात तक्रार होती, पण कोर्स अर्धवट सोडणाऱ्या बायका कमी होत होत्या, त्यामुळे तक्रार पुढे जात नव्हती.

त्यांचं सगळ्यांत मोठं भांडण व्हायचं ते एडिटिंग करणाऱ्या पोराशी. बाई चुकायच्या, मग सरळ कॅमेऱ्यात बघून विचारायच्या, "आता मला सांगा, मी कुठे चुकले?" आणि गप्प बसायच्या. बघणारीला अवघडल्यासारखं व्हावं इतका वेळ. पोरगा ती शांतता कापून टाकायचा, कारण त्याला शिकवलं होतं की पडद्यावर काही घडत नसेल तर माणूस निघून जातो. बाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून ती परत घालायला लावायच्या. "काही घडत नाही कसं? ती विचार करतेय ना तिकडे. तू तिचा विचार कापलास." पोरगा माझ्याकडे बघून डोळे फिरवायचा आणि शांतता परत घालायचा.

भरवण्याचा पाठ आम्ही मढला चित्रित केला. मालिकांना भाड्याने देतात तशा एका बंगल्यात आम्हाला एक खोली मिळाली होती. आदल्या दिवशी तिथे कुठल्याशा मालिकेतले आजोबा वारले होते, त्यामुळे पलंग तयार होता. रुग्ण म्हणून आम्ही नट आणला नाही. बाईंनी वर्सोव्याहून खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसवून आप्पांना आणलं. आप्पा म्हणजे बाईंचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणारे, तब्येतीने ठणठणीत. "घरात हे दिवसभर पडूनच असतात, इथे पडायला काय होतंय," बाई म्हणाल्या. आप्पा विनातक्रार पलंगावर आडवे झाले.

आधी चूक. बाईंनी आप्पांना सपाट उताणं झोपू दिलं, डोक्याखाली एक बसकी उशी. शेजारी बसून पेजेचा चमचा भरला, फुंकर घातली, डाव्या हाताने त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "घ्या हं. एवढाच घास. शहाणे ना तुम्ही." आप्पांनी डोळे मिटून घास घेतला. दुसरा घेतला. दिवे धरून उभा असलेला माणूस नाक पुसायला लागला. त्या दोघांचा संसार आम्ही मुलुंडला जाऊन कधी पाहिला नव्हता. तो त्या दिवशी पाहिला. आणि मग बाईंनी मान वळवून, आवाजात काडीचा फरक न करता, कॅमेऱ्याला विचारलं, "आता मला सांगा, मी कुठे चुकले?"

उरलेला पाठ त्यांनी आप्पांना उठवून बसवून केला. पाठीला उशा, हनुवटी जराशी खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळला का ते बघून मगच पुढचा, आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. झोपवून भरवलं तर अन्न श्वासाच्या नळीत जातं आणि त्यात माणूस जाऊ शकतो, हे बाईंनी न घाबरवता सांगितलं. आप्पांची तक्रार एवढीच होती की चुकीची पेज गरम होती आणि बरोबर पेज गार.

घाटकोपरच्या ब्युरोत आम्ही तो पाठ पहिल्यांदा लावला. बाई दाराआड उभ्या राहिल्या, कारण शिकवणारी समोर असली की बायका खरं बोलत नाहीत. पेज भरवणं सुरू झालं. आधी "किती छान करतात" अशी कुजबुज झाली. बाईंनी पडद्यावरून प्रश्न विचारला. शांतता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सुनंदा म्हणून एक मालवणी बाई होती, ती फोनमधल्या बाईंवर ओरडली, "अगो बाय, झोपवन काय भरवतंस तेका? ठसको लागतलो ना!" मग सगळ्याच सुरू झाल्या. कोणाच्या सासऱ्यांना असाच ठसका लागला होता, कोणी एका पेशंटला असंच भरवत आली होती आणि आत्ता ते लक्षात येऊन गप्प बसली होती. दाराआड बाईंनी माझा दंड धरला. इतक्या जोरात की नंतर वळ दिसत होते. "बघितलंस, कशी ओरडली माझ्यावर? आता जन्मात विसरणार नाही ती." मी त्यांना इतकं खूश परत कधी पाहिलं नाही.

मग कंपनीत नवे मालक आले. नवे मालक येतात तेव्हा पहिल्यांदा आलेख येतात. माणूस फोनवर दोन मिनिटांच्या वर काही बघत नाही, असं आलेखात निघालं. आमचे सगळे पाठ तुकडे करायला एका सॉफ्टवेअरला दिले. लोक जिथे थांबून बघतात ती जागा ते स्वतःच शोधायचं आणि तेवढाच तुकडा उचलायचं. पाठ कुणासाठी आहे, त्यात काय सांगितलंय, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांना कोणी विचारलं नाही. बाईंचं काम तर तेव्हा संपलेलंच होतं. कोर्स तयार झाल्यावर शिकवणाऱ्या माणसाला कोण ठेवून घेतं?

सॉफ्टवेअरने भरवण्याच्या पाठातून नेमका पेजेचा घास उचलला. केस मागे सारणारा हात, "शहाणे ना तुम्ही", आप्पांचे मिटलेले डोळे. बाई कॅमेऱ्याकडे वळायच्या आत तुकडा संपत होता. त्यावर बासरी घातली आणि 'मायेचा घास' असं नाव दिलं. तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. माझ्या बोरिवलीच्या मावशीने मला पाठवला: 'बघ किती प्रेमाने करतात. हल्ली अशी माणसं मिळत नाहीत.' मी तो स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा बघितला. त्याच दुपारी मी समीरला लिहिलं की हे ताबडतोब काढा, यात चूक दाखवली आहे. त्याने अंगठा पाठवला. व्हिडिओ तसाच राहिला.

बाईंना तो त्यांच्या सोसायटीतल्या एकीने दाखवला, अभिनंदन करायला. दुसऱ्या दिवशी त्या न सांगता ऑफिसात आल्या. समीर उठून उभा राहिला, हसत.

"मॅडम, तुम्ही फेमस झालात."

"पुढचं कुठाय?"

"तेवढाच घेतलाय, मॅडम. काय रिस्पॉन्स आहे बघा ना. झकास."

"समीर, मी त्यात चुकतेय."

"हो मॅडम, पण लोकांच्या ते लक्षात येत नाहीये."

"तेच सांगतेय मी तुला."

त्याला खरंच कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. त्याने बाईंना खुर्ची दिली, कॉफी मागवली. काढून टाकणं वरच्यांच्या हातात आहे म्हणाला; कंपनीच्या सगळ्या व्हिडिओंत तोच सगळ्यांत जास्त बघितला जात होता, ते ऐकणार नाहीत. मग निदान पुढचा भाग त्याला जोडा, बाई म्हणाल्या. तेव्हा त्याने खाली बघितलं. कोर्स नव्या ठिकाणी हलवताना लांबलचक जुने पाठ ठेवलेच नव्हते. मूळ चित्रीकरणही काढून टाकलं होतं. "सगळं साठवून कुठे ठेवणार, मॅडम?" परत चित्रित करू का, असं बाईंनी विचारलं, माझ्यासमोर, जवळजवळ विनवणीच्या सुरात. ती त्यांची भाषा नव्हती. "नेक्स्ट क्वार्टर बघू," समीर म्हणाला. आठवड्याने व्हिडिओखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली: 'दृश्ये प्रातिनिधिक आहेत.' त्यांनी केलेली दुरुस्ती ती एवढीच.

दुसरा एखादा असता तर त्याने डोकं धरून घरी बसणं पसंत केलं असतं. बाईंनी ब्युरो धरले. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड, जिथे जिथे तो व्हिडिओ दाखवून बायकांना कामावर पाठवत होते तिथे त्या उन्हातान्हात स्वतः जायच्या आणि सांगायच्या की हे चूक आहे. "माझं तोंड बघून कोणीतरी कोणालातरी झोपवून भरवतंय. एखादा गेला तर तो माझ्या हाताने गेला." यापुढे दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मी सोबत जायची. ब्युरोवाल्यांना या बाईंचं काय करायचं ते कळायचं नाही. कोणी चहा द्यायचं, कोणी घड्याळ बघायचं.

बोरिवलीला एक तरतरीत मुलगी भेटली, नव्यानेच या कामाला लागलेली. बाईंनी तिला विचारलं, कशी भरवतेस?

"व्हिडिओत दाखवलंय ना, तस्संच. आजी खूप ठसकतात, पण मी प्रेमाने भरवते. त्या बाईंसारखी."

"त्या व्हिडिओतली बाई मीच. आणि ते चुकीचं आहे."

मुलीने बाईंना खालपासून वरपर्यंत बघितलं. पडद्यावर पांढरी साडी, चापून घातलेला अंबाडा. समोर सुरकुतलेला पंजाबी ड्रेस, घामाने चिकटलेले केस आणि चढलेला आवाज.

"नाही हो मॅडम," ती समजूत घालावी तसं म्हणाली. "त्या बाई खूप प्रेमळ आहेत."

मला हसू आलं होतं. बाईंकडे बघितलं आणि ते गेलं. त्यांनी तिथेच खुर्च्यांवर मला आडवं करून, उठवून, बसवून तिला सगळं दाखवलं. तिने मान डोलावली, पण हे फोनमधल्यापेक्षा जास्त खरं कसं, हे तिला पटत नव्हतं. म्हणून बाईंनी आजींचा पत्ता घेतला आणि आम्ही त्या घरी गेलो. सुनेने सेफ्टी डोअरच्या आतूनच बोलणं केलं. बाईंनी परोपरीने सांगितलं: पाठीला उशा द्या, हनुवटी खाली, घाई करू नका.

"आमची ब्युरोवाली सर्टिफाईड आहे," सून म्हणाली आणि आतून कागद आणून जाळीला लावला. आमच्याच कंपनीचं प्रमाणपत्र, फुग्यांच्या नक्षीचं. खाली बाईंची छापलेली सही.

"ही सही माझी आहे," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर," सून म्हणाली आणि दार लावून घेतलं.

परतताना रिक्षात मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले तर बाईंनी हाताने थांबवलं. मग बाहेर बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं चुकत आले, आणि दर वेळी कोणीतरी पकडलं मला. ह्या वेळेला कोणी पकडलंच नाही गं." मला रडू आलं. त्यांना आलं नाही. मला वाटतं, त्यांना शरम वाटत होती, आणि ती त्यांची नव्हतीच. जिथे वाटायला हवी होती तिथे वातानुकूलित खोलीत आलेख बघणं चालू होतं.

पुढचे काही महिने त्यांनी तसेच काढले. कुठे दोघी ऐकायच्या, कुठे चौघी. सुनंदा त्यांच्यासोबत जायला लागली आणि "बाई सांगतत ता खरा आसा" अशी साक्ष द्यायला लागली, तेवढाच आधार. मी नोकरी सोडली, तेव्हा बाई माझ्यावरच चिडल्या: आत राहून भांडणारं आता कोण उरलं? त्यांचं खरं होतं. पण मला समीरच्या कॉफीचा वास सहन होईनासा झाला होता. नंतर आमचं बोलणं फोनवरच व्हायचं, आणि त्यात बाई पूर्वीसारख्या फाडफाड बोलत नसत. एकदा म्हणाल्या, ब्युरोतल्या बायकांसमोर मुद्दाम चुकायची आता भीती वाटते. थंडी सरता सरता एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आजारी नव्हत्या, कोणाकडून काही करून घ्यावं लागलं नाही. ते एक बरं झालं असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं.

कंपनीने शोकसभा घेतली, ऑनलाइन. जुनी माणसं म्हणून मला आणि आप्पांना लिंक आली. आप्पांना भाच्याने लॅपटॉप लावून दिला होता. चौकटीत त्यांचं अर्धं कपाळ आणि फिरता पंखा दिसत होता. सभा चालवायला एचआरची नवीन मुलगी होती, जिने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. समीर काळा शर्ट घालून बोलला. मॅडम आम्हाला आईसारख्या होत्या, त्यांनी आम्हाला लर्नर समजून घ्यायला शिकवलं, वगैरे. तो गहिवरला होता आणि गहिवर खोटा नव्हता, याचाच मला जास्त राग आला. मग एचआरची मुलगी म्हणाली, "आता मॅडमची एक सुंदर आठवण आपण सगळे मिळून बघू या." बासरी सुरू झाली.

बाईंचा हात आप्पांच्या कपाळावर आला. चमचा भरला. फुंकर घातली. खालून लाल बदाम तरंगत वर जायला लागले. मी माईक सुरू करून म्हटलं, "समीर, हा भाग दाखवू नका, हा...", तोवर सगळ्यांचेच माईक कोणीतरी बंद केले. मग मी टाइप केलं: 'हा चुकीचा भाग आहे. बाई इथे मुद्दाम चुकतायत.' त्याच्याखाली एकापाठोपाठ एक जोडलेले हात आले, आणि माझं वाक्य वर सरकत दिसेनासं झालं.

तेवढ्यात आप्पा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. पूर्ण चेहरा दिसला. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. त्यांनी पंजा उभारला आणि जोरजोरात हलवायला लागले. "आप्पा, तुम्ही म्यूटवर आहात," एचआरची मुलगी हळुवारपणे म्हणाली. "असू दे. आम्ही समजू शकतो." आणि तिने त्यांना हात हलवून निरोप दिला. मग समीरनेही हलवला. एकेका चौकटीतून सगळ्यांनी आप्पांना हात हलवले, आणि सभा संपली.

मी लगेच मुलुंडला फोन लावला. आप्पांना धाप लागली होती.

"अगं, बंद करा म्हणून ओरडत होतो मी. ती चुकतेय आणि ही माणसं नमस्कार काय करतायत?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"त्यांना पुढचं लावायला सांग ना," मग ते म्हणाले. "पुढे ती मला उठवून बसवते बघ. पाठीला उशा लावते. ते एकदा बघायचंय मला. तेवढं सांगशील?"

तो भाग आता कुठेच नाही, हे बाईंनी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"सांगते, आप्पा," मी म्हटलं.